मोरचूद

जेवायला आईनं बोलावलं होतं, पण चिंगी घरात न शिरता आधी धक्क्यावर गेली. सकाळी भाऊनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "येताना तुझ्या बाटल्या घेऊन ये."

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तिच्या हाताखालची माणसं तिला मॅडम म्हणत. चाळिशी उलटून गेली होती, केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. पण या फाटकातून आत पाऊल टाकलं की ती पुन्हा तीन भावंडांतली शेंडेफळ, चिंगी. वडिलांनी जाताना वाटणी सोपी करून ठेवली होती. धुलाईचा कारखाना थोरल्या दादाला, तळ्यातल्या मासेपालनाचा ठेका मधल्या भाऊला, आणि धाकटीला शिक्षण. शिक्षण मिळालेलीलाच बाकीच्या दोघांच्या भांडणात पंच व्हावं लागेल, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

भाऊ धक्क्याच्या टोकाला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसला होता. समोरच्या जाळीच्या पिंजऱ्यांत मासे पोट वर करून पडले होते. इतके, की मधलं पाणी दिसत नव्हतं. वास घशात जाऊन बसत होता.

"कधीपासून?"

"काल संध्याकाळी वर येऊन तोंडं वासायला लागले. पंप लावून हवा सोडली. उजाडता उजाडता सगळं शांत." भाऊनं तिच्याकडे न बघताच सांगितलं. "घे तुझे नमुने. आणि मग आत जाऊन दादाला सांग, तुझ्या कारखान्याच्या पाण्यानं माझं तळं धुऊन काढलं म्हणून."

चिंगी वाकली, बाटली बुडवली आणि थबकली. आठवड्यापूर्वी याच जागी तिनं हात घातला होता तेव्हा मनगट दिसेनासं झालं होतं. रंगाचा डबा उपडा केल्यासारखा हिरवा थर होता तो. आज काठाला तपकिरी, सडका फेस होता, पण आतलं पाणी नितळ होतं. तळाचे दगड मोजता येतील इतकं नितळ. मासे मेले याहून तिला हे जास्त खटकलं.

"शेवाळ कुठे गेलं?"

"मला काय माहीत. मेलं असेल. या बघ, याही मेल्यात."

त्यानं धक्क्याच्या खांबाकडे बोट दाखवलं. एरवी पाण्याच्या रेषेवर गोगलगायी ओळीनं चिकटलेल्या असायच्या. आता खांब रिकामा होता आणि खाली तळावर शंखांचा खच पडला होता. चिंगीनं एक उचलली, उलटी केली. हवा संपली की मासे गुदमरतात, ते तिनं पूर्वीही पाहिलं होतं. पण या गोगलगायी वर येऊन हवा घेणाऱ्या. त्या गुदमरून मरत नाहीत.

"भाऊ, खरं सांग. तू पाण्यात काही टाकलंस?"

"मी? माझ्याच माशांच्या तोंडात विष घालू?"

"शेवाळ मारायला टाकतात लोक."

भाऊ उठला. होडीच्या फळीखालून त्यानं एक ओला गोळा काढला आणि तिच्यासमोर झटकून उलगडला. उशीचा अभ्रा होता. कोपऱ्यावर दादाच्या कारखान्याचा शिक्का, आणि पांढऱ्या कापडावर पसरलेला निळा, हिरवट कडांचा डाग.

"आज सकाळी पिंजऱ्याच्या दोराला अडकलेला मिळाला. जेवणाच्या टेबलावर आईसमोर ठेवणार आहे. ज्याचा आहे त्यानं उचलावा."

मोरचूद. चिंगीला तो निळा रंग ओळखायला बाटली लागत नव्हती. तिनं मान वर करून खाडीसारख्या आत वळलेल्या त्या पाण्यापलीकडे पाहिलं. तिथे पाण्यात उभा असलेला गोल मनोरा होता. शहराचं पिण्याचं पाणी त्या मनोऱ्यातून आत ओढलं जात होतं. या क्षणीही.

तिनं तिथूनच मुख्य अभियंत्यांना फोन लावला.

"बंद करा म्हणजे?" साहेब म्हणाले. "मासे दर उन्हाळ्यात मरतात तुमच्या भावाचे. कशाच्या जोरावर बंद करू?"

"निळा डाग पडलेला एक अभ्रा मिळालाय, सर."

"धुलाईवाल्यांच्या घरात निळा अभ्रा! नीळसुद्धा निळीच असते, मॅडम. तुमच्या तपासणीचा निकाल उद्या येणार. तोवर दवाखाने, शाळा, अख्खं गाव कोरडं ठेवू आणि ती नीळ निघाली तर? काय टाकलं, किती, केव्हा, कुठे, हे सांगणारं माणूस आणा. लगेच बंद करतो."

फोन ठेवून ती भावाबरोबर घराकडे निघाली. वाटेत कारखान्याच्या भिंतीतून येणारा पाइप होता. त्याच्या तोंडाशी नेहमीसारखा पांढरा फेस उसळत होता.

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दादाच्या बायकोनं, वहिनीनं, दोघांना येताना पाहिलं. भाऊजींच्या हातात काय आहे तेही पाहिलं. तिनं हातातला पेला ओट्यावर ठेवला.

परवा उजाडताना दोन अभ्रे भरून ती होडीत बसली होती. खतांच्या दुकानदारानं पोतं देताना विचारलंही नव्हतं कशाला हवंय. माहेरी बागेतल्या हौदावर शेवाळ धरलं की वडील फडक्यात मोरचूद बांधून पाण्यातून फिरवायचे; दोन दिवसांत हौद आरशासारखा. तळं म्हणजे मोठा हौदच की, असं तिला वाटलं होतं. अभ्रे होडीच्या मागे बांधले आणि वल्ही मारत राहिली. मागे वळून पाहिलं की हिरव्या पाण्यात निळी रेघ उमटत जाताना दिसायची. किती सुंदर दिसत होती ती. परतताना एक अभ्रा सुटून गेला, तेव्हा तिला फक्त अभ्र्यांच्या मोजणीत एक कमी पडेल एवढीच काळजी वाटली होती.

कारण एकच होतं. पाणी हिरवं झाल्यापासून या घरात दोन सख्खे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहत होते. एक जेवायला बसला की दुसरा उठायचा. निरोप तिच्यामार्फत. "तुझ्या दिराला सांग." "दादाला विचारा, वहिनी." आज आईंनी तिघांना एका टेबलावर बसवायचं ठरवलं होतं. तळं निवळलं तर माणसंही निवळतील, असा तिचा साधा हिशेब होता.

आणि काल संध्याकाळपासून ती खिडकीतून मासे मरताना पाहत होती.

"हात धू नीट," मागून सासूबाईंचा आवाज आला.

वहिनी दचकली. "धुतलेत, आई."

"नखांत निळं आहे अजून." सासूबाई ताटं पुसत होत्या, मान वर न करता. "कुणी विचारलं तर नीळ म्हण. हॉस्पिटलच्या चादरींना लावताना लागली म्हणावं."

"आई, तुम्ही..."

"मला उजाडायच्या आधी जाग येते. आणि माझ्या खोलीची खिडकी तळ्याकडेच उघडते." त्यांनी शेवटचं ताट रचून ठेवलं. "मासे गेले ते गेले. ते काही परत यायचे नाहीत. घर जायला नको. बस, आता तोंड उघडायचं नाही."

लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी तिच्या हातच्या एकाही गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्या तिच्या बाजूनं उभ्या राहत होत्या, आणि तेही अशा बाबतीत.

*

दादा टेबलाच्या वरच्या टोकाला बसला होता, वडिलांच्या जागी. कारखान्यातून तसाच आला होता, सदऱ्याला वाफेचा आणि पावडरीचा वास. बाहेर धुलाईचे ड्रम फिरत असल्याची घरघर जमिनीतून इथपर्यंत येत होती. ती घरघर चालू असली की त्याला बरं वाटायचं.

भाऊ आत आला आणि त्यानं तो अभ्रा दादाच्या ताटाशेजारी टाकला.

"हे काय?"

"तूच सांग. शिक्का वाच."

"माझ्या कारखान्यातून दिवसाला शेकडो अभ्रे जातात. एखादा वाऱ्यानं उडाला असेल."

"आणि उडता उडता मोरचूद पिऊन आला?" भाऊचा आवाज चढला. "तुला ते हिरवं पाणी लपवायचं होतं. तपासणीवाले येणार म्हणून ऐकलं असशील कुठून तरी. टाकलंस विष आणि झालास मोकळा!"

"जीभ सांभाळ. मला लपवायचं काय आहे? पाणी हिरवं माझ्यामुळे झालं, हे तुला कुणी सांगितलं? वरच्या उतारावरची शेतं बघ. पोत्यांनी युरिया टाकतात, पहिल्या सरीला सगळा तळ्यात. त्यांच्याशी भांडायची हिंमत नाही, म्हणून भावाच्या उरावर बसतोस."

"तुझ्या पाइपातून दूध येतं का?"

"आणि तुझे पिंजरे? बादल्यांनी खाद्य ओततोस. मासे खातात अर्धं, उरलेलं कुठे जातं? मासे काय डबे घेऊन बाहेर जातात का शौचाला?"

एरवी या वाक्याला चिंगी हसली असती.

"पुरे!" ती म्हणाली. "दोघांचंही खरं आहे, म्हणूनच तळं मेलं. दादा, तुझ्या पावडरीत फॉस्फेट आहे. भाऊ, तुझ्या खाद्यातही तेच. शेतांतल्या खतात, गावाच्या सांडपाण्यातही तेच, आणि त्या सांडपाण्यावर आमच्याच खात्याचा शिक्का आहे. सगळ्यांनी मिळून तळ्याला खत घातलं आणि शेवाळ माजलं. त्याचं खापर कुणावर फोडायचं ते नंतर ठरवा. मला आत्ता एकच सांगा. मोरचूद कुणी टाकलं?"

भाऊ दादाकडे बघत होता, दादा अभ्र्याकडे.

आईनं वाढायला घेतलं. "कुणी काही टाकलं नाही. नीळ आहे ती. जेवा आधी."

"नीळ गोगलगायी मारत नाही, आई."

"तुझी शाळा तुझ्या ऑफिसात. नीळ आहे म्हटलं ना मी?"

हे बोलताना आईनं सुनेकडे पाहिलंही नाही. तिला वाटलं होतं, एवढ्यावर निभेल. नवरा गेल्यावर कारखाना चालू ठेवताना तिनं अशा कितीतरी गोष्टी आवाज न चढवता मिटवल्या होत्या. घरातल्या बाईचं नाव एकदा चव्हाट्यावर गेलं की ते परत आणता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. शिवाय ही सून. दोन्ही भावांचे निरोप इकडून तिकडे नेताना हिच्या पायांचे तुकडे पडले होते. ते आईला दिसत होतं; फक्त बोलून दाखवायची सवय नव्हती.

चिंगी खुर्चीवर बसली नाही. खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

"मग मी सांगते ते सगळ्यांनी ऐका. या जातीच्या शेवाळाच्या पोटात विष असतं. ते जिवंत असतं तोवर विष आत बंद असतं. आमच्या गाळण्या शेवाळ अडवतात, विषही त्याबरोबर अडतं. पण मोरचूद टाकलं की ते फुटतं. सगळं एकदम. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं, म्हणून मासे गेले. आणि आतलं विष पाण्यात विरघळतं. ते कुठल्याही वाळूच्या गाळणीत अडकत नाही."

"क्लोरीन टाकता ना तुम्ही?" दादा म्हणाला.

"रोजच्या क्लोरीनवर भरवसा ठेवता येत नाही. आणि लोक पाणी उकळून पितील तर उलट जास्त घट्ट होईल. यकृतावर जातं ते. लहान मुलं, आजारी माणसं... ज्या हॉस्पिटलच्या चादरी तू धुतोस ना दादा, त्याच हॉस्पिटलात या पाण्यानं रुग्णांच्या नळ्या धुतात." तिनं तळ्याच्या दिशेनं बोट दाखवलं. "मनोरा आत्ता पाणी ओढतोय. बंद करायला मला माणूस हवंय. काय, किती, केव्हा, कुठे. नीळ असेल तर मी जेवायला बसते. आई, आहे का नीळ?"

आईच्या हातातला चमचा भांड्यात तसाच राहिला. गावाच्या नळाचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द मागे घ्यायची सवय तिला कधीच नव्हती.

"मी टाकलं," वहिनी म्हणाली.

ती दारात उभी होती, पाण्याचा जग हातात धरून. कुणाला नीट ऐकू आलं नाही असं वाटून तिनं पुन्हा सांगितलं, "मोरचूद. मी टाकलं."

दादा हसला. अगदी खरोखर हसला. "काहीतरीच काय बोलतेस? तुला पोहता तरी येतं का? चिंगी, हिची झोप झालेली नाही, हिच्या बोलण्याकडे..."

"होडीला पोहावं लागत नाही, अहो."

दादाचं हसू ओसरलं. मग चेहऱ्यावर राग आला, मग भीती, आणि मग तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला, कारखान्यात गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा. "बरं. झालं ते झालं. चिंगी, तू तिथली प्रमुख आहेस. मोटार जळाली म्हणून बंद कर ना दोन दिवस. कुणाचं नाव कशाला?"

"मोटार जळाली म्हटलं की ते दुसरी मोटार लावतील, दादा. दोन तासांत."

"मग अनोळखी कुणीतरी टाकलं म्हण."

"किती टाकलं ते त्या अनोळखी माणसाला कोण विचारणार?"

भाऊ अजून वहिनीकडेच बघत होता. लग्न होऊन ती आली तेव्हा तो शाळेत होता. त्याची दप्तरं, ताप, परीक्षेचे निकाल तिनंच पाहिले होते. सकाळपासून तो ज्या माणसाचा गळा धरायचं मनात घोळवत होता, ते माणूस हे निघालं.

"वहिनी," तो म्हणाला, "मला एकदा विचारायचं तरी."

"कुणाला विचारू, भाऊजी?" तिचे डोळे भरले, पण आवाज भरला नाही. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, दादाला सांगा पाइप बंद कर. यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, त्याला सांग पिंजरे काढ. निरोप पोचवून पोचवून माझी जीभ झिजली. म्हटलं, एवढं तरी कुणाला न विचारता करू."

भाऊनं खुर्ची ओढली आणि बसला. हात कपाळाला लावला. "माझं सगळं गेलं हो वहिनी," तो पुटपुटला. त्यात आरोप नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड होतं.

चिंगी तिच्याजवळ गेली. जग तिच्या हातातून काढून घेतला. "किती टाकलंस?"

"एक पोतं. अख्खं."

"बाप रे. केव्हा?"

"परवा. उजाडताना."

"कुठून कुठे?"

"धक्क्यापासून मनोऱ्यापर्यंत. मग परत."

"मनोऱ्यापर्यंत?"

"तिथेच सगळ्यात जास्त हिरवं होतं."

चिंगीनं डोळे मिटले, उघडले आणि फोन लावला. "सर, मोरचूद आहे. एक पूर्ण पोतं, परवा पहाटे, थेट मनोऱ्याभोवती. हो. खात्रीनं. टाकणारं माणूस माझ्यासमोर उभं आहे." ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "माझ्या घरातलंच आहे, सर."

दादा उठला. टेबलाला धक्का लागून पेले हलले. "दे इकडे. माझं नाव सांग. माझ्या कारखान्याचा अभ्रा आहे, माझ्या कारखान्यातून गेलं म्हण. हिला यात ओढायचं नाही."

"दादा, खोटं..."

"खोटं कसं? पाइप माझाच आहे ना?"

वहिनीनं नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. सासूसमोर तिनं आजवर कधी असा ठेवला नव्हता. "तुमच्या नावावर पुष्कळ आहे, अहो. ते तुम्ही सांगा. हे माझं आहे."

आणि तिनं चिंगीच्या हातातून फोन घेतला. "मी बोलते, साहेब. थोरली सून. हो, धुलाई कारखान्याच्या घरची. मीच टाकलं... नाही, कुणी सांगितलं नव्हतं. शेवाळ जावं म्हणून. विष होईल हे माहीत नव्हतं मला." ती ऐकत राहिली. "येते मी. जबाब द्यायला कुठे यायचं ते सांगा. पण साहेब, आधी ते पाणी बंद करा."

फोन ठेवल्यावर खोलीत फक्त ड्रमांची घरघर उरली. दादानं कान देऊन ती ऐकली, जणू पहिल्यांदाच. मग तो बाहेर पडला.

"कुठे निघालास?" आई.

"पाइप बंद करायला."

"ड्रमांत हॉस्पिटलचं धुणं आहे. पाइप बंद केलास तर पाणी कुठे जाईल? सगळं ओलं राहील तसंच."

"राहू दे ओलं."

थोड्या वेळानं जमिनीतली थरथर थांबली. आईनं ताटांकडे पाहिलं. एकाही ताटाला कुणी हात लावला नव्हता. ती उठली, सुनेच्या खांद्याला धरून तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि तिच्या पुढ्यात ताट सरकवलं.

"खाऊन घे. ऑफिसात किती वेळ बसवतील कोण जाणे," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

*

दुसऱ्या दिवशी निकाल आला. मनोऱ्याजवळच्या पाण्यात विष होतं, चिंगीच्या भीतीपेक्षाही जास्त. शहराच्या टाक्यांपर्यंत ते पोचलं नव्हतं. मधल्या मोठ्या नळात शिरलं होतं आणि तिथेच अडवलं गेलं. साहेबांनी तिला हे स्वतः फोन करून सांगितलं, आणि घरचंच माणूस गुंतलेलं असल्यामुळे चौकशी संपेपर्यंत तिनं प्रयोगशाळेत येऊ नये, हेही त्याच फोनवर सांगितलं. चिंगी बरं म्हणाली. मग धक्क्यावर जाऊन बसली.

तळ्यात दोन्ही भाऊ एका होडीत होते. मेलेले मासे जाळ्यानं उपसून पिंपांत भरत होते. फारसं बोलत नव्हते. "इकडे घे", "दम धर", एवढंच. पण निरोप्या लागत नव्हता.

"पाइप बंद केला, पिंजरे काढले, की किती दिवसांत तळं सुधारेल?" दादानं काठावरच्या बहिणीला ओरडून विचारलं.

"दिवसांत नाही रे, दादा. तळाच्या गाळात इतक्या वर्षांचं खत साठलंय. दर उन्हाळ्यात ते वर येत राहणार. शेतवाल्यांशी बोलायला हवं, सांडपाण्याचं बघायला हवं. आपल्या हयातीत झालं तरी पुष्कळ."

दादानं पुन्हा जाळं पाण्यात सोडलं.

वहिनी घरी नव्हती. जबाब लिहून झाला होता, पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. दंड होईल म्हणत होते, खटलाही होईल म्हणत होते. गावात नळ कोरडे होते आणि चौकाचौकांत टँकर उभे होते. सकाळी तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि कोपऱ्यावरच्या टँकरकडे निघाली. दादा म्हणाला, "लोक बोलतील." ती म्हणाली, "मग ऐकायला कुणीतरी नको का?" टँकरवाल्याला एकट्यानं रांग आवरत नव्हती. तिनं रबरी पाइप हातात घेतला, तो त्यानं आनंदानं दिला.

दुपारपर्यंत तिचे हात भरून आले. ऊन डोक्यावर होतं, रांग वळून गल्लीत शिरली होती. लोक वैतागलेले होते. कुणी सरकारला शिव्या घालत होतं, कुणी कारखान्याला, कुणी शेतकऱ्यांना. काहींनी तिला ओळखलं, कोपरानं एकमेकांना खुणावलं आणि भांडं भरून मुकाट्यानं गेले. एका म्हाताऱ्यानं तिच्या हातचं पाणी घ्यायला नकार दिला आणि तो तसाच रिकाम्या बादलीनं परत गेला. त्याच्या पाठीकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग पाइप पुढच्या भांड्यात सोडला.

कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई पुढे आली. नवीनच राहायला आलेली असावी. मूल उन्हानं किरकिरत होतं, तिनं एका हातानं बादली कशीबशी पुढे केली.

"आता याला आंघोळ घालू की पाजू, सांगा," ती म्हणाली. "कोणी केलं हो हे असलं काम? त्याला घरात लेकरं नाहीत का?"

टँकरवाला दुसरीकडे बघायला लागला.

"मी केलं," वहिनी म्हणाली. "बादली सरळ धरा. सांडतंय."